कर्ण्याचा ग्रामोफोन, हरवलेलं एचएमटी आणि आजीची समई

प्रश्न : डिसेंबरमध्ये माझे बाबा पंच्याहत्तर वर्षांचे होतील. नाट्यसंगीत म्हणजे त्यांचा जीव की प्राण. आजोबांनी जमवलेल्या तीसेक तबकड्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहेत, पण वाजवायचं यंत्र फार पूर्वीच विकलं गेलं. मला ऑनलाइन मोठ्या पितळी कर्ण्याचा, कुत्र्याचं चित्र असलेला ग्रामोफोन दिसला आहे. ‘ओरिजिनल १९२०, चालू स्थितीत’, किंमत ९,५०० रुपये. मिस्टर म्हणतात, त्यापेक्षा बाबांचं लग्नातलं एचएमटी घड्याळ हरवलं होतं, तसंच शोधून देऊ. लग्न १९७६ चं. मॉडेल कुठलं ते कुणालाच आठवत नाही. मुलाला स्वतःच्या खाऊच्या पैशांतून आजोबांना शिवराई हे जुनं नाणं द्यायचं आहे. आणि न्यू जर्सीहून येणारा भाऊ विचारतोय की परत जाताना आजीची पितळी समई घेऊन जाऊ का. सगळं मिळून बजेट २०,०००, हातात अडीच महिने. काय घ्यावं आणि फसगत कशी टाळावी?
— एक लेक, नाशिक

उत्तर : तो पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन घेऊ नका. दिवाणखान्यात नुसती शोभेची वस्तू हवी असती, तर ९,५०० द्यायचे की नाही हा तुमच्या आवडीचा प्रश्न होता. पण बाबा त्यावर आजोबांच्या तबकड्या लावणार, आणि खरं नुकसान तिथे आहे.

‘ओरिजिनल १९२०’ म्हणून जे कर्णेवाले ग्रामोफोन विकायला असतात, त्यांतले बहुतेक आपल्याच देशात अलीकडे जुळवलेले असतात. मोडक्या पोर्टेबल ग्रामोफोनमधलं मोटर काढायचं, नवीन लाकडाची अष्टकोनी किंवा कोरीव पेटी करून त्यात बसवायचं, वर चकचकीत पितळी कर्णा लावायचा आणि समोर कुत्र्याची पट्टी ठोकायची. फोटोवरूनही हे बरंचसं ओळखता येतं. कर्णा आणि टोनआर्म (सुई धरणारी हलती नळी) यांना जोडणारा बाक पाहा. जुळवलेल्या यंत्रात तो जाडाभरडा, डाग देऊन जोडलेला दिसतो आणि सांध्यातून हवा गळत असल्याने आवाज पातळ येतो. अस्सल कर्ण्यांत रंगवलेला पत्रा किंवा लाकूड पुष्कळ दिसतं; पितळेचेही होते, पण शंभर वर्षांच्या पितळेवर पोचे असतात, कडेला झीज असते आणि पाकळ्यांच्या सांध्यांत काळपटपणा साचलेला असतो. कुत्र्याचं चित्र अस्सल पेटीवर सहसा छापासारखं लाकडावर उतरवलेलं असतं, रिव्हेटने ठोकलेली उठावाची पितळी पट्टी नसते. विक्रेत्याकडे पेटी उघडून आतला फोटो मागा. आत ताजं कापलेलं प्लायवूड, मोटरच्या जागेशी न जुळणारी जास्तीची भोकं किंवा चार फाट्यांचे स्क्रू दिसले, तर पुढे बोलायची गरज नाही. चार फाट्यांचे स्क्रू बाजारात आले तेच १९३० नंतर. ‘१९२०’ च्या यंत्रात ते कुठून येणार?

आता नुकसान नेमकं कसं होतं ते. या जुळवलेल्या यंत्रात टोनआर्म नीट तोललेला नसतो. सगळा भार वाकडा सुईवर येतो आणि सुई खाचेची एकच भिंत खरवडत जाते. दहा-बारा वेळा वाजवल्यावर तबकडी करडी पडते आणि गाण्यापेक्षा खरखर मोठी ऐकू येते. बाजारात दुसरं यंत्र मिळेल. आजोबांची तबकडी एकदा खरवडली की संपली.

मग काय घ्यावं? बाबांसाठी आमची निवड पोर्टेबल ग्रामोफोन ही आहे, म्हणजे सुटकेससारखी पेटी, चावी देऊन चालणारी, कर्णा पेटीच्या आतच. १९३१ मध्ये आलेलं एचएमव्ही (हिज मास्टर्स व्हॉइस) १०२ हे मॉडेल पन्नासच्या दशकापर्यंत बनत राहिलं. आजही ते सापडतं आणि ते दुरुस्त करणारे कारागीरही आहेत. दिसायला कर्ण्याइतकं रुबाबदार नाही, हे खरं. पण याला वीज लागत नाही, झाकण लावलं की पलंगाखाली जातं, आणि आजोबांच्या काळात घरोघरी लोक अशाच यंत्रावर गाणी ऐकत. तुमच्या तबकड्या याच्यासाठीच बनल्या होत्या.

घेताना विक्रेत्याच्या ‘चालू आहे’ या शब्दावर विसंबू नका, कारण तबकडी फिरली की तो त्याला चालू म्हणतो. समोर बसून चार गोष्टी तपासा.

पहिली, चावी. पूर्ण चावी द्या, सोबत नेलेली एखादी साधी तबकडी लावा आणि पूर्ण बाजू ऐका. दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असते. तेवढी ती शेवटपर्यंत एकाच सुरात वाजली पाहिजे. शेवटच्या मिनिटाला गायक दमल्यासारखा आवाज खाली उतरत गेला, तर स्प्रिंग थकली आहे किंवा आतलं ग्रीस सुकलं आहे. चावी देताना किंवा वाजताना मध्येच पेटीतून ‘धप्प’ असा आवाज आला तर तेही सुकलेल्या ग्रीसचंच लक्षण : स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि एकदम सुटतात. हा दोष दुरुस्त होतो. स्प्रिंग डब्यातून काढून साफ करायची आणि ग्रॅफाइटचं ग्रीस भरायचं. मात्र ते काम घरी अजिबात करू नका, डब्यातून सुटलेली स्प्रिंग हात फाडते.

दुसरी, वेग. तबकडीच्या कडेखाली कागदाची छोटी चिठ्ठी अडकवा, मोबाइलवर ३० सेकंद लावा आणि चिठ्ठी किती वेळा समोरून जाते ते मोजा. ३९ फेऱ्या भरल्या पाहिजेत, म्हणजे मिनिटाला ७८. वेगाची कळ पुढेमागे सरकवून ३९ वर आणता आलं तर उत्तम. कळ फिरवूनही वेग हलत नसेल, तर गव्हर्नरचं, म्हणजे वेग आवरणाऱ्या भागाचं काम आहे.

तिसरी, साउंड बॉक्स, म्हणजे सुई जिथे बसते ती गोल डबी. आवाज जन्माला येतो तो इथेच. तिच्या आतलं रबर वर्षानुवर्षांत दगडासारखं कडक होतं आणि मग वरच्या सुरांना माशी गुणगुणावी तशी भुणभुण येते. रबर बदलणं सोपं आणि स्वस्त आहे. पण डबीचं ओतीव अंग तडकलेलं किंवा फुगलेलं असेल तर सावध व्हा. त्या काळच्या काही साउंड बॉक्समधली जस्ताची मिश्रधातू आपसूक ठिसूळ होत जाते, त्यावर उपाय नाही. दुसरी डबी शोधावी लागते आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्यायला हवी.

चौथी, झाकणाचे बिजागर आणि कडेचं लाकूड. लाकूड पोखरणाऱ्या किड्यांची बारीक भोकं आणि पेटी आपटल्यावर खाली पडणारा पिठासारखा भुसा दिसला, तर यंत्र कितीही गोड वाजो, घरी आणू नका. बाबांच्या पुस्तकांच्या कपाटापर्यंत ती कीड जाईल.

पैशांची वाटणी अशी ठेवा : १२,००० च्या आत यंत्र, ३,००० दुरुस्तीसाठी बाजूला, उरलेल्या ५,००० मध्ये घड्याळ. यंत्र १२,००० मध्ये बसत नसेल तर घड्याळ सोडा, पण दुरुस्तीचे पैसे सोडू नका. जुन्या वस्तूंच्या भेटींत सगळ्यात जास्त फसते ती हीच बाजू. सगळे पैसे वस्तूवर घालवले जातात, वाढदिवसाला ती एकदा खरखरते आणि मग पुन्हा माळ्यावर जाते.

सुयांचं वेगळं सांगतो, कारण यात चूक झाली तर बाकी सगळं व्यर्थ. पोलादी सुई एका बाजूला एकच. उलट्या बाजूला नवी. हा नियम ग्रामोफोन विकणाऱ्या कंपन्यांनी सुया खपवायला काढलेला नाही. तबकडीच्या लाखेत बारीक दगडी भुकटी मिसळलेली असते. ती पहिल्या काही फेऱ्यांतच सुईचं टोक घासून खाचेच्या मापाचं करते. बाजू संपेपर्यंत त्या टोकाला छिन्नीसारख्या धारा आलेल्या असतात. तीच सुई पुन्हा लावली की त्या धारा पुढची तबकडी कापत जातात. तीस तबकड्या म्हणजे साठ बाजू, म्हणजे सगळं एकदा ऐकायला साठ सुया. दोनशे सुयांची डबी तीन वेळा पुरेल. अशा सुया आजही नव्या बनतात. जुनी गंजलेली ‘अँटिक डबी’ शोभेला ठेवा, वाजवायला नको. आणि एलपी किंवा ४५ ची प्लास्टिकची छोटी तबकडी या यंत्रावर एकदाही लावू नका. एलपीची खाच फार अरुंद असते, इतक्या जड साउंड बॉक्सखाली ती पहिल्याच फेरीत जाते.

यंत्र येईपर्यंत माळ्यावरची ट्रंक खाली काढा. हे आजच करण्यासारखं काम आहे. पत्र्याच्या छपराखाली किंवा गच्चीलगतच्या माळ्यावर उन्हाळ्यात तबकड्या वाकतात, आणि आडव्या एकावर एक रचलेल्या असतील तर वरच्यांच्या वजनाने खालच्या तडकतात. त्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, मध्ये फार मोकळी जागा न सोडता. पुसायला कोमट पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश, आणि ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा. मधलं लेबल कोरडं राहिलं पाहिजे. मग साध्या पाण्याने निथळून उभ्या वाळवा. स्पिरिट किंवा सॅनिटायझर चुकूनही नको. सुतार फर्निचरला जे स्पिरिट पॉलिश करतात, ते लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच बनतं. तबकडीही लाखेचीच आहे, स्पिरिट लागलं की पृष्ठभाग विरघळतो.

साफ करताना लेबलं वाचून वहीत यादी करा : गायकाचं नाव, पद, क्रमांक, कंपनी. बालगंधर्व, मास्टर दीनानाथ किंवा हिराबाई बडोदेकर अशी नावं निघाली, तर ती तबकडी ग्रामोफोनवर लावण्याआधी तिचं डिजिटल ध्वनिमुद्रण करून घ्या. ज्यांच्याकडे ७८ च्या सुईचं विजेवरचं टर्नटेबल आहे, ते हे काम करतात. विचारताना ‘७८ ची वेगळी सुई आहे ना?’ एवढं नक्की विचारा. ७८ ला सुमारे ७५ मायक्रॉनच्या टोकाची सुई लागते, एलपीची त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकीही जाड नसते आणि ती खाचेच्या तळाशी घासत फक्त खरखर उचलते. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जुन्या तबकड्या जपणाऱ्या लोकांची संस्था आहे. अशा मंडळींकडून कारागिराचा पत्ताही मिळतो आणि यंत्राची खरी किंमतही कळते.

आता घड्याळ. तुमच्या मिस्टरांची सूचना मनापासून चांगली आहे, आणि मॉडेल आठवत नाही ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. लग्नाचा अल्बम काढा. हार घालताना, सप्तपदीत, पंगतीत आग्रह करताना नवऱ्या मुलाचं मनगट कुठे ना कुठे दिसतंच. मोबाइलने फोटोचा फोटो काढून मोठा करा. घड्याळाची तबकडी (डायल) काळी आणि आकडे पांढरे ठळक असतील तर ते पायलट हे मॉडेल असण्याची शक्यता मोठी. फिकट तबकडी असेल तर जनता, सोना, जवान असे पर्याय. मग आकडे आहेत की नुसत्या रेघा, सेकंद काटा मध्ये आहे की खाली छोट्या वर्तुळात, हे पाहून जुळवा. तारीख-वार दाखवणारं चौकोनसर जड घड्याळ असेल तर कांचन. ते चावीचं नव्हे, मनगट हललं की आपोआप चावी भरणारं, आणि लग्नात द्यायला त्या काळी त्याला फार मागणी होती.

एचएमटीचा बंगळूरचा घड्याळ कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला आणि घड्याळ कंपनी बंद करायला केंद्र सरकारने २०१६ मध्ये मंजुरी दिली. बंद होण्याची बातमी पसरली तशी मागणी वाढली आणि त्याबरोबर रंगवलेल्या डायलांचा सुळसुळाट झाला. जुनं खरं मशीन घ्यायचं, डायल पुसून त्यावर नवं छापायचं, केस घासून चकचकीत करायची आणि ‘न वापरलेला जुना स्टॉक’ म्हणून विकायचं. अशी घड्याळं चालतात, म्हणून लोक फसतात.

दहा पट मोठं दाखवणारं भिंग घ्या. अस्सल डायलवर अक्षरांच्या कडा धारदार असतात. पुन्हा छापलेल्यावर शाई फुगलेली, कडा विरलेल्या आणि ‘पॅरा शॉक’ ही छोटी अक्षरं एका ओळीत नसतात. मिनिटांच्या बारीक रेघा तासाच्या खुणांशी जुळतात का ते बाराच्या आणि सहाच्या जागी पाहा. सेकंद काट्याचं टोक मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचलं पाहिजे. आखूड काटा म्हणजे दुसऱ्या घड्याळाचा काटा. भडक गुलाबी, नारिंगी, पोपटी डायल टाळाच. नंतर पाठ उघडून मागा. जनता आणि पायलटमध्ये १७ ज्वेलचं (घर्षण कमी करणाऱ्या खड्यांचं) चावीचं मशीन असतं आणि त्यावर एचएमटीची खूण असते. मशीनभोवती प्लास्टिकची कडी घालून ते केसमध्ये अडकवलेलं दिसलं तर केस दुसऱ्याची आहे.

पसंत पडल्यावर एक पूर्ण दिवस चाचणीसाठी मागा. पूर्ण चावी द्या आणि मोबाइलच्या वेळेशी लावा. चोवीस तासांत एक मिनिटापेक्षा जास्त पुढेमागे जात असेल तर सर्व्हिसिंग हवं, आणि न थांबता दीड दिवस चाललं पाहिजे. तुम्हाला हव्या असलेल्या मॉडेलपेक्षाही महत्त्वाची एक गोष्ट : बाबांची बोटं पाहा. चावीची ती छोटी खाचदार कळ रोज सकाळी चिमटीत धरून फिरवायची असते. बोटांचे सांधे दुखत असतील तर हौसेने दिलेलं चावीचं घड्याळ आठ दिवसांत कपाटात जाईल. तिथे कांचनसारखं आपोआप चालणारंच द्या, फोटोत काहीही दिसत असो. आणि घड्याळाबरोबर लग्नाचा तोच फोटो मोठा करून द्या. नेमकं तेच घड्याळ परत आलं असं सांगू नका, ‘तसंच शोधलं’ असं सांगा.

शिवराईबद्दल मुलाला सांगा, त्याची निवड सगळ्यात सोपी आणि सगळ्यात स्वस्तात होणारी आहे. शिवराई हे तांब्याचं नाणं १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी सुरू झालं आणि नंतर कितीतरी वर्षं, पेशवाईतही, वेगवेगळ्या टांकसाळींतून पडत राहिलं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री / राजा / शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र / पति’. उत्तरकाळातल्या, मधोमध दोन आडव्या दांड्या असलेल्या दुदांडी शिवराया आजही खूप मिळतात. महाराजांच्या काळातली म्हणून कुणी महागात विकत असेल तर खाऊच्या पैशांतून ती घेऊ नका. दुदांडीच घ्यावी, ती अस्सल मिळण्याची शक्यता जास्त.

खरी शिवराई साच्यात ओतलेली नाही, ठशाने ठोकून पाडलेली. त्यामुळे ती वाकडीतिकडी असते, अक्षरं अर्धी बाहेर गेलेली असतात, कधी ‘छत्र’ दिसतं आणि ‘पति’ कापलेलं. पूर्ण गोल, सगळी अक्षरं नीट मध्यावर, म्हणजे शंका घ्यायची. बनावट नाण्यावर भिंगाखाली बुडबुड्यांची बारीक छिद्रं आणि काठावर साच्याच्या सांध्याची रेघ दिसते, आणि पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत. नाशिककरांना तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्थेचं नाणेसंग्रहालय आहे. खरेदीआधी मुलाला घेऊन तिथे जा. एकदा डोळ्यांनी खरी नाणी पाहिली की बाजारातली निम्मी खोटी आपोआप कळतात. नाणं घासू नका, चिंचेने तर नाहीच. तो तपकिरी थर हेच त्याचं वय आहे. पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवलं तर काही वर्षांत हिरवा चिकट थर धरतो, म्हणून कडक पारदर्शक नाणेडबी घ्या.

मुलाला दोन गोष्टींपासून जपा. राम-सीता किंवा हनुमान असलेलं ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८, एक आणा’ हे नाणं कंपनीने कधीच पाडलेलं नाही. एक आण्याचं नाणंच मुळात विसाव्या शतकात, १९०७ च्या सुमारास आलं. आणि जुन्या नाण्या-नोटांना लाखो रुपये देतो असं रिझर्व्ह बँकेच्या नावाने सांगणारे संदेश खोटे आहेत. तशी सूचना खुद्द बँकेने २०२१ मध्ये दिली होती.

समईचा प्रश्न मात्र भावाला तिकीट काढण्याआधी नीट समजावून सांगा. पुरावशेष व कलाकृती कायदा १९७२ प्रमाणे शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कलावस्तू, मूर्ती, चित्र, नाणं हे सगळं पुरावशेष. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची. अशी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. ‘आमच्याच घरची आहे, विकायची नाही’ या उत्तराने विमानतळावर काहीही होत नाही. बेकायदा निर्यातीला किमान सहा महिने आणि कमाल तीन वर्षं कैद व दंड आहे. समई आजीच्या सासरहून आलेली असेल तर तिचं वय शंभरीला टेकलेलं असू शकतं. भावाने ती इथेच तुमच्या देवघरात राहू द्यावी हे बरं.

समई त्याहून नवी आहे असं घरच्यांना माहीत असेल, तरी ते कस्टमच्या माणसाला माहीत नसतं. म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही वस्तू पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. मुंबई मंडळाचं कार्यालय शीवच्या किल्ल्यावर आहे. अर्ज, वस्तूचे फोटो, मापं आणि प्रत्यक्ष तपासणी असं ते काम असतं, त्यामुळे भाऊ येऊन परत जाण्याच्या दोन आठवड्यांत ते बसवण्याचा हट्ट नको. त्याला न्यायलाच काही हवं असेल तर पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीतून मठाराचं काम केलेलं नवं तांब्याचं भांडं घ्या आणि बिलावर ‘नवीन’ असं लिहून घ्या. हाताने ठोकलेला एकेक खड्डा त्यात दिसतो आणि ते न्यायला कुणी अडवत नाही.

देशातल्या देशात भेट देतानाही काही वस्तू टाळा. हस्तिदंताची कोणतीही वस्तू, पानाच्या डब्यावरची नक्षी असो की छडीची मूठ, खरेदी-विक्रीला बंदी आहे, कितीही जुनी असली तरी. वाघनखांची लॉकेटं, कासवाच्या कवचाच्या फण्या, शहातूश शाली हेही तसंच. जुन्या दगडी किंवा धातूच्या मूर्ती भेटीसाठी घेऊच नका. शंभर वर्षांवरच्या मूर्तींची नोंदणी बंधनकारक आहे आणि मालकी बदलली तर तेही कळवावं लागतं. शिवाय ती कुठल्या देवळातून उचललेली आहे याची खात्री आपल्याला कोण देणार? ‘शेतात सापडली’ असं विक्रेता सांगत असेल, तर ती गोष्ट ऐकून घेऊन निघून या. जमिनीत सापडलेलं धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवण्याचा कायदा १८७८ पासून आहे.

शोधायला कुठे जावं? मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट, पण शुक्रवारी नको. त्या दिवशी पक्की दुकानं बंद असतात आणि पहाटेचा रस्त्यावरचा बाजार नवख्या माणसासाठी नाही. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पुण्याला जाणार असाल तर सकाळी राजा केळकर संग्रहालय पाहून मग बाजारात जा. तिथले अडकित्ते, दिवे, पानाचे डबे बघितले की खरी झीज कशी असते ते नजरेत बसतं : हात जिथे लागतो तिथेच धातू गुळगुळीत होतो, सगळीकडे सारखा नाही. आम्लात बुडवून ‘जुनं’ केलेलं पितळ सगळीकडे सारखंच काळं दिसतं.

ऑनलाइन घेतलंच तर पूर्ण बाजू वाजतानाचा न कापलेला व्हिडिओ मागा, ज्यात विक्रेता आधी तुमचं नाव आणि आजची तारीख बोलतो. बिलावर चार गोष्टी लिहून घ्या : मॉडेल, कोणते भाग बदललेले आहेत, चालू स्थिती आणि सात दिवसांत परत घेण्याची हमी. ‘१९२० चं ओरिजिनल’ असं म्हणणारा तेच बिलावर लिहायला तयार नसेल, तर तुम्हाला उत्तर मिळालं. आगाऊ रकमेसाठी क्यूआर कोड स्कॅन करायला सांगून ‘परतावा पाठवतो’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. पैसे मिळायला काही स्कॅन करावं लागत नाही.

वेळ अशी वाटून घ्या : पहिले तीन आठवडे शोध, मग कारागिराकडे चार-पाच आठवडे, आणि शेवटचे पंधरा दिवस घरी वापरून पाहायला. बाबांपासून लपवायचं असेल तर शेजाऱ्यांकडे वाजवून पाहा, पण वाजवून पाहाच. प्रवासात नेताना चावी पूर्ण उतरू द्या, साउंड बॉक्स काढून वेगळ्या मऊ कापडात गुंडाळा आणि टोनआर्म दोऱ्याने बांधा. ताणलेल्या स्प्रिंगसह खड्ड्यांच्या रस्त्यावरून नेलेलं यंत्र घरी येऊन मुकं होतं.

वाढदिवसाच्या सकाळी पहिली तबकडी आजोबांच्या संग्रहातली सगळ्यात दुर्मीळ नको. यादीतली एखादी साधी, जिच्या प्रती बाजारात अजून मिळतात, अशी लावा. बाबांचा हात पहिल्यांदा सुई ठेवताना थरथरणारच. यंत्राशेजारी दोन डब्या ठेवा, एक नव्या सुयांची आणि एक वापरलेल्यांची. दोन्ही सुया डोळ्यांना अगदी सारख्या दिसतात, म्हणून दुसऱ्या डबीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत ‘वापरलेल्या’ असं लिहा, बाबांना चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या मोठ्या.